हाती झाडू घेतलेले सेनापती : पांडुरंग महादेव बापट

पारनेर हा आपल्या जिल्ह्यातील पर्जन्यछायेतला तालुका. पावसाने पाठ फिरवली की येथील माणसाने मुंबईची वाट धरावी, ही येथील जुनी रीत. या तालुक्याच्या गावी १२ नोव्हेंबर १८८० रोजी महादेव व गंगाबाई बापट यांच्या पोटी एक पुत्र जन्मास आला. त्याचे नाव पांडुरंग. पुढे महाराष्ट्राने त्यांना सेनापती ही पदवी दिली आणि मूळ नाव जवळजवळ विसरले गेले. पुण्यात व मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. त्या रस्त्यांवरून रोज लाखो माणसे ये-जा करतात. परंतु ज्यांच्या नावाचा हा रस्ता, ते स्वतः पहाटे उठून रस्ते झाडीत असत, हे त्यांपैकी किती जणांस ठाऊक असेल, असा प्रश्न पडतो.

सेनापती बापट यांचे नाव घेतले की बाँब, भूमिगत जीवन, मुळशीचा सत्याग्रह आणि तुरुंग या गोष्टी आठवतात. त्या खऱ्याच आहेत. मात्र तुरुंगातून सुटून आल्यावर या माणसाने जे केले, त्याकडे आपल्या समाजाने अधिक लक्ष द्यावयास हवे. राजबंदी म्हणून बंदिवास भोगलेल्या बापटांनी बाहेर येताच खराटा हाती घेतला. पुढे काही वर्षांनी ज्यांच्या हाती तो खराटा जन्मतःच दिला गेला होता, त्या झाडू-कामगारांची संघटना त्यांनी उभी केली. त्यांच्या आयुष्यातील हा भाग समजून घेणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पारनेर ते पॅरिस

घरची परिस्थिती बेताची, पण बुद्धी तल्लख. संस्कृतात विशेष गती असल्यामुळे पांडुरंगास जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील शिक्षण पुरे झाल्यावर मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ साली ते इंग्लंडला गेले व एडिंबरो येथे अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात दाखल झाले. कॉलेजात असतानाच देश स्वतंत्र करण्यासाठी झटण्याची शपथ त्यांनी घेतली होती. परदेशात जाऊनही ती ते विसरले नाहीत. ब्रिटिश राज्याखालील हिंदुस्थानच्या स्थितीवर त्यांनी एडिंबरोत एक निबंध वाचला. त्यातील परखड मांडणी सरकारच्या कानावर गेली आणि शिष्यवृत्ती बंद झाली.

यानंतर लंडनचे इंडिया हाऊस आणि तेथील क्रांतिकारक तरुणांचा सहवास घडला. त्यातूनच ते पॅरिसला गेले. तेथे बंगालचे हेमचंद्र दास यांच्यासमवेत त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून बाँब तयार करण्याची कृती मिळवली. ती कृती घेऊन १९०८ साली बापट मायदेशी परतले. त्याच वर्षी मुझफ्फरपूरचा स्फोट झाला आणि कलकत्त्यात अलीपूर खटल्यातील धरपकड सुरू झाली. हेमचंद्र दास पकडले गेले व त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. माफीच्या साक्षीदाराच्या जबानीत बापटांचेही नाव आले. तेव्हापासून सुमारे साडेचार वर्षे ते भूमिगत होते. गावोगाव नावे बदलून राहायचे, मिळेल ते खायचे, कोणावर भार होऊ द्यायचा नाही, असे ते दिवस गेले. अखेर १९१२ साली इंदुरास ते पोलिसांच्या हाती लागले.

अलीपूर खटल्यातील माफीचा साक्षीदार पूर्वीच तुरुंगात मारला गेला होता. त्यामुळे बापटांविरुद्ध टिकेल असा पुरावा सरकारच्या हाती उरला नाही. त्यांची जामिनावर सुटका झाली आणि ते पारनेरास परतले.

गावातला खराटा

विलायतेस जाऊन आलेला, उच्च शिक्षण घेतलेला, पोलिसांच्या पाळतीवर असलेला हा मनुष्य गावी येऊन काय करील, याविषयी पारनेरकरांच्या मनात नाना तर्क असणार. त्याने जे केले, ते मात्र कोणाच्याही तर्कात बसणारे नव्हते. पहाटे उठून तो गावचे रस्ते झाडू लागला आणि शौचकूप साफ करू लागला. अस्पृश्य गणलेल्या वस्तीत जाऊन तो आजारी मुलांची शुश्रूषा करी, प्रौढांना अक्षरे गिरवावयास शिकवी आणि रात्री गीता-ज्ञानेश्वरीवर प्रवचन करी.

या कृतीचे मोल आज कळावयाचे असेल, तर त्या काळचे गाव डोळ्यांसमोर आणावे लागेल. चावडी झाडणे, मेलेली जनावरे ओढून नेणे, सरकारी टपाल पोहोचविणे, सांगाव्यासाठी उन्हातान्हात गावोगाव धावणे ही कामे महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांच्या माथी मारलेली होती. त्याबदली मिळे ते चार पसाभर बलुते आणि उरलेसुरले अन्न. घाण उपसणारे हात आणि विटाळ मानले जाणारे हात एकच होते. ही कामे जातीने ठरत, म्हणून ती करणाऱ्याला नकार देण्याची मुभा नव्हती. अशा गावात ब्राह्मण घरातील पदवीधराने उघडपणे खराटा घेऊन रस्त्यावर उतरणे, म्हणजे घाणीचे काम अमक्याच जातीचे या समजुतीला दिलेला धक्का होता.

१ नोव्हेंबर १९१४ रोजी बापटांना पुत्र झाला. बारशाची पहिली पंगत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांची बसविली. महाडच्या चवदार तळ्याचा संग्राम व्हावयास त्यानंतर तेरा वर्षे जावयाची होती. खेड्यातील घरात शुभकार्याच्या पहिल्या पंगतीचा मान कोणाचा, यावरून भांडणे होत, नाती तुटत. त्या मानाच्या जागी बापटांनी ज्यांना उंबऱ्याबाहेर बसविले जाई त्यांना बसविले. भाषणापेक्षा अशी एक पंगत गावास अधिक काळ आठवते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. बापटांच्या हातातला खराटा त्यांनी स्वतः निवडलेला होता. वाटले तर तो खाली ठेवण्याचे स्वातंत्र्य त्यांना होते. ज्यांना तो जन्माने मिळाला, त्यांना हे स्वातंत्र्य नव्हते. एकाने स्वेच्छेने केलेल्या सफाईने दुसऱ्यावर लादलेली सफाई संपत नाही. आपल्या चळवळीने हा फरक नेहमीच ठामपणे मांडला आहे व तो योग्यच आहे. बापटांचे वेगळेपण असे, की ते गावच्या खराट्यापाशीच थांबले नाहीत.

पुणे आणि मुंबई

१९१५ च्या एप्रिलमध्ये संसाराच्या निकडीने बापट पुण्यास आले. प्रथम चित्रमयजगत् या मासिकात व नंतर लोकमान्यांच्या मराठा पत्रात त्यांनी काम केले. पुढे लोकसंग्रह या दैनिकात ते परराष्ट्रीय राजकारणावर लिहू लागले. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ज्ञानकोशाच्या कामातही त्यांनी हातभार लावला. लेखणीवर पोट चालत होते, तरी रस्तेसफाईचा नेम पुण्यातही सुटला नाही. महार-मांग वस्तीतील माणसे बरोबर घेऊन ते झाडलोट करीत आणि त्यानंतर भजन व व्याख्यान होई.

याच काळात त्यांचे लक्ष अंदमानातील राजबंद्यांकडे गेले. पॅरिसमधले त्यांचे सोबती हेमचंद्र दास तेथे होते. सावरकर बंधू तेथे होते. पंजाब, बंगाल व महाराष्ट्रातील अनेक तरुण तेथे कोलू फिरवीत, काथ्या कुटीत दिवस काढीत होते. बापट स्वतः त्याच वाटेवरून थोडक्यात परत आले होते. डॉ. नारायणराव सावरकर यांनी राजबंद्यांच्या सुटकेसाठी सह्यांची मोहीम सुरू केली, तेव्हा बापट घरोघर हिंडून सह्या गोळा करू लागले. या कामास बळ यावे म्हणून राजबंदी मुक्ती मंडळ स्थापन झाले. पहिल्या महायुद्धानंतर जाहीर झालेल्या राजक्षमेत अंदमानातील काही बंदी सुटून आले, त्यांत हेमचंद्र दासही होते. दारोदार जाऊन सही मागणे हे वरवर किरकोळ काम वाटते. पण पोलिसांच्या भीतीच्या त्या दिवसांत राजबंद्याच्या बाजूने स्वतःचे नाव कागदावर लिहिणे, हे सामान्य गृहस्थास धैर्याचेच काम होते. ते धैर्य बापट घराघरांतून जमा करीत होते.

झाडू-कामगार मित्रमंडळ

पारनेरची माणसे पोटासाठी ज्या मुंबईकडे जात, त्या मुंबईतच बापटांना त्यांच्या खराट्याचा खरा अर्थ गवसला. मुंबई तेव्हा गिरण्यांची आणि चाळींची झपाट्याने वाढणारी नगरी होती. तिचे रस्ते झाडणारे, पाट्या व डबे भरून मैला वाहणारे हजारो हात होते. त्यांत गुजरात-काठियावाडातून आलेली माणसे होती, तशी दख्खनच्या गावांतून आलेलीही होती. पालिका या सफाईसाठी रहिवाशांकडून हलालखोर कर घेत असे. कराला ज्या माणसांचे नाव दिले होते, त्यांच्या वाट्यास मात्र तुटपुंजा पगार, दाटीवाटीची वस्ती, रोगराई आणि विटाळ एवढेच येई. त्यांनी एक दिवस काम थांबविले, तर शहराला त्यांची आठवण होई. आठवण होताच शहर रागावे. इतर कामगारांचा संप म्हणजे मालकाशी वाद, पण सफाई कामगारांचा संप म्हणजे नगरावर संकट, अशी नागरिकांची वृत्ती होती. त्यामुळे या कामगारांस सहानुभूती मिळणे सर्वांत कठीण होते.

१९२० च्या सुमारास बापटांनी या कामगारांचे झाडू-कामगार मित्रमंडळ स्थापन केले. या नावातील मित्र हा शब्द विचारात घेण्यासारखा आहे. त्या काळी उच्चवर्णीय सुधारकांच्या बहुतेक संस्थांच्या कामात उद्धाराची आणि उपकाराची भावना डोकावत असे. उद्धार करणारा उंच उभा असतो आणि ज्याचा उद्धार करावयाचा तो खाली असतो. मित्र मात्र शेजारी उभा राहतो. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे गल्ल्या झाडल्या, शौचकूप धुतले, त्यालाच हा शब्द शोभणारा होता. झाडू किती वेळ धरला की पाठ धरते, पावसाळ्यात मैल्याची पाटी डोईवर कशी गळते, हे त्याला पुस्तकातून वाचावे लागले नव्हते.

मुंबईच्या झाडू-कामगारांचा संप झाला, तेव्हा बापट त्यांच्या पुढे होते. गळ्यात पेटी अडकवून, भजने म्हणत त्यांनी शहरातून मोर्चा नेला. क्रांतिकारकांच्या गुप्त बैठकांत वावरलेला हा माणूस आता भर रस्त्यात गाणे म्हणत चालला होता आणि त्याच्यामागे ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई ती माणसे छाती काढून चालली होती. नागरिकांच्या रागाचे रूपांतर लक्ष देण्यात व्हावे, यासाठी याहून साधा उपाय कोणता असणार? संप यशस्वी झाला. त्याच १९२० सालात बापटांच्या पत्नीचे निधन झाले. घरातील या आघातानंतरही त्यांनी आपले काम सोडले नाही.

याच वर्षाच्या आरंभी, ३१ जानेवारी १९२० रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मूकनायक सुरू केले होते. मार्चमध्ये माणगाव परिषद झाली. पुढे जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि तिने १९२५ च्या आरंभी सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. मुंबईच्या पालिका कामगारांची संघटनाही त्यांच्या अध्यक्षतेखाली उभी राहिली. या सर्व कामाची दिशा बापटांच्या कामापेक्षा खोल जाणारी होती. झाडूचे काम सन्मानाने व पुऱ्या पगारावर व्हावे, यासाठी कामगारांनी एकत्र येणे ही पहिली पायरी. जन्मामुळे कोणाच्याही हाती झाडू येऊ नये आणि झाडूवाल्याच्या मुलाच्या हाती पुस्तक यावे, ही पुढची पायरी. पहिल्या पायरीवर बापटांसारखा सोबती मिळाला, हे कृतज्ञतेने नोंदवावे. दुसरी पायरी आपल्या समाजाने बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली स्वतःच्या बळावर चढली, हेही तितक्याच अभिमानाने नोंदवावे.

मुळशी आणि पुढचे तुरुंग

१९२१ च्या रामनवमीस मुळशी पेट्यात सत्याग्रह सुरू झाला. टाटा कंपनीच्या विजेसाठी नीला आणि मुळा यांच्या संगमाजवळ धरण बांधले जात होते व त्याखाली मावळातील पन्नासांहून अधिक गावांची जमीन जाणार होती. मोबदल्यापेक्षा त्या मावळ्यांना आपली भातखाचरे आणि घरे हवी होती. बापटांनी त्यांच्यासाठी तीन वेळा तुरुंग पत्करला आणि येथेच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. अखेरीस त्यांनी धरणाच्या कामावरील रेल्वे अडविली. त्यात शस्त्राचा वापर झाल्यामुळे अहिंसावादी नेत्यांना हे कृत्य मान्य झाले नाही. याबद्दल झालेली सात वर्षांची शिक्षा त्यांनी सिंधमधील हैदराबादच्या तुरुंगात भोगली. धरण झालेच, गावे बुडालीच. तरी धरणग्रस्तांच्या हक्काची जी चळवळ पुढे देशभर झाली, तिच्या आरंभी मुळशीचे नाव घेतले जाते.

१९३१ साली सुटका होताच ते महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि भाषणांबद्दल पुन्हा दीर्घ मुदतीची शिक्षा होऊन आत गेले. त्यातून ते २३ जुलै १९३७ रोजी बाहेर आले. नंतर सुभाषचंद्र बोस यांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे महाराष्ट्रातील नेतृत्व त्यांनी केले. त्यांचे तारुण्य आणि प्रौढपण मिळून किती वर्षे कोठडीत गेली, याचा हिशेब त्यांनी स्वतः कधी मांडला नाही. श्रीअरविंदांच्या दिव्य जीवन या मोठ्या ग्रंथाचे त्यांनी मराठी भाषांतर केले, यावरून त्यांच्या मनाची घडण कळते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात तिरंगा फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर सत्तेचे पद मात्र त्यांनी घेतले नाही. मे १९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी निघालेल्या पहिल्या मोठ्या तुकडीत ना. ग. गोरे यांच्यासमवेत ते सीमा ओलांडून गेले, तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईत निघालेल्या मोर्चाच्या अग्रभागीही ते होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. १९७७ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

आपल्यासाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपली मुले जेथे वाढली, त्या निवासी शाळांत पहाटेची सफाई हा दिनक्रमाचा भाग असतो. वर्ग, आवार, स्वयंपाकघर, शौचालय यांची पाळी सर्वांवर येते. पाळीच्या तक्त्यावर मुलांची नावे लिहिली जातात, जाती नाहीत. सर्वांची पाळी असते तेव्हा सफाई हे नागरिकाचे कर्तव्य होते. एकाच जातीची पाळी असते तेव्हा ती गुलामी होते. हा साधा धडा गिरविणारा विद्यार्थी पुढे अधिकारी, शिक्षक, अभियंता, शेतकरी कोणीही झाला, तरी ज्या हातांनी त्याचा परिसर स्वच्छ राहतो त्यांच्याकडे तो बरोबरीच्या नजरेने पाहील, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपणास अधिकार आहे.

हाताने मैला साफ करून घेण्यास १९९३ च्या व त्यानंतर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही गटारात उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या आजही वर्तमानपत्रांत येतात आणि मरणाऱ्यांची नावे पाहिली की ती बहुतांशी कोणत्या वस्तीतील आहेत हे कळते. झाडू-कामगार मित्रमंडळाचे काम संपलेले नाही. आपल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत काम करणाऱ्या सफाई कामगारांना हातमोजे, बूट, वेळेवर पगार, विम्याची कागदपत्रे आणि त्यांच्या मुलांना वसतिगृहात जागा मिळते की नाही, एवढी चौकशी जरी माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी केली, तरी ते मित्राचेच काम ठरेल.

पारनेर येथून फार दूर नाही. शाळेच्या सहलीत किल्ले आणि लेणी असतात, तशीच सेनापती बापटांच्या गावाचीही एक फेरी असावी. तेथे गेल्यावर पुतळ्यास हार घालावा, आणि परतण्यापूर्वी मुलांनी व शिक्षकांनी मिळून एखादी गल्ली झाडून यावी.